बोन्सायसाठी पाइनचं रोप: ओळखण्यापासून तिसऱ्या वर्षापर्यंत

दोन चुका पुन्हा पुन्हा होताना दिसतात. पहिली म्हणजे नर्सरीतून 'पाइन' म्हणून आणलेलं रोप मुळात पाइनचं नसतंच. दुसरी म्हणजे रोप खरं पाइनचं असतं, पण वर्षाचं व्हायच्या आत ते उथळ ट्रेमध्ये जातं, त्याचा शेंडा खुडला जातो आणि मे महिन्यात ते तपकिरी पडतं. वड, उंबर, पिंपळावर हात बसलेल्यांकडून ही दुसरी चूक हमखास होते, कारण वड खोडावर कुठंही कापला तरी फुटतो. पाइन तसा नाही. ज्या फांदीवर एकही हिरवी सुई उरली नाही, ती पुन्हा फुटेल असं धरून चालता येत नाही. म्हणून पहिली तीन वर्षं दोनच गोष्टी सांभाळायच्या: जमिनीखाली चारी बाजूंना पसरणारी मुळं आणि खोडावर अगदी खालपर्यंत टिकलेल्या सुया. आकार, ट्रे, वळणदार फांद्या हे सगळं नंतर.

इथं दिलेलं वेळापत्रक देशावरचं, म्हणजे पुणे, नाशिक, सातारा या पट्ट्यातलं आहे. कोकणात आणि गोव्यात काय बदलायचं ते त्या त्या जागी सांगितलं आहे.

१. आधी रोप ओळखा

सुईसारखं पान दिसलं की दुकानदार पाइन म्हणतो. खरा पाइन ओळखण्याची खूण सुईत नसते, सुईच्या बुडाशी असते. पाइनच्या सुया जुडीने येतात. दोन, तीन किंवा पाच सुया एका बारीक, पापुद्र्यासारख्या खोळीतून निघतात. एक सुई हळूच ओढा. शेजारच्या एक-दोन सुया तिच्यासोबत एकत्र निघून आल्या तर ते पाइन. चुरगळून वास घ्या, राळेचा वास यायला हवा.

फसवणारी झाडं ही:

सुरू. कोकणच्या किनाऱ्यावर जिची बनं आहेत तीच. तिची 'सुई' म्हणजे खरं तर बारीक हिरवी डहाळी असते आणि तिला सांधे असतात. दोन्ही टोकं धरून ओढली की ती सांध्यावर टप्पकन तुटते. सुरू बोन्सायसाठी उत्तम झाड आहे, पण तिची छाटणी आणि पाणी पाइनपेक्षा अगदी वेगळं.

'ख्रिसमस ट्री' म्हणून विकला जाणारा अरोकेरिया. सुया आखूड, एकेकट्या, जुडी नाही. फांद्या मजल्यामजल्याने येतात. शेंडा कापला की झाडाचा तोल कायमचा बिघडतो, कारण आडवी फांदी सरळ उभी होऊन शेंड्याची जागा घेत नाही. बोन्सायसाठी हा घेऊ नका.

मोरपंखीची पानं खवल्यांची आणि चपटी असतात. पोडोकार्पसची पानं पट्टीसारखी, मधोमध शीर असलेली. देवदारच्या सुया आखूड असतात, जुन्या फांद्यांवर त्या पंधरा-वीस किंवा त्याहून जास्त संख्येने एकाच ठिकाणी झुबक्याने येतात. देवदार पाइनच्या कुळातलाच आहे, पण पाइन नव्हे.

पाइन असल्याची खात्री झाली की कोणता पाइन ते बघायचं. आपल्याकडे मिळणारे मुख्य प्रकार असे:

चीर पाइन, पायनस रॉक्सबर्घी. हिंदीत चीड. एका जुडीत तीन सुया, लांबी साधारण २० ते ३० सेंटिमीटर. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरांत, म्हणजे डेहराडून, सोलन, कांगडा या भागांत ५०० मीटर उंचीपासून हा वाढतो आणि तिथला कडक उन्हाळा सोसतो. देशावर नवख्याने पहिला पाइन म्हणून हाच घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे.

खासी पाइन. सुया तीनच, पण फार बारीक आणि मऊ. ईशान्येकडचा.

कैल, म्हणजे निळा पाइन. पाच सुया, खाली झुकलेल्या. हा साधारण १,८०० मीटरच्या वरचा रहिवासी आहे. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्याला जगवण्यात वर्षं घालवू नका.

जपानी काळा पाइन, पायनस थुनबर्गी. दोन सुया, ताठ, हाताला टोचणाऱ्या, आणि शेंड्याचा कोंब पांढुरका. कोंब तांबूस आणि सुया मऊ असतील तर तो जपानी लाल पाइन. बोन्सायसाठी काळा पाइन सगळ्यात गुणी, पण त्याला थोडा हिवाळा लागतो. नाशिक-पुण्याला थंडीत उघड्यावर ठेवला तर प्रयत्न करण्यासारखा आहे. मुंबई, कोकण आणि गोव्यात मी तो सुचवणार नाही.

सावधान: पहिल्या वर्षाच्या रोपात सुया मोजून प्रकार ठरवू नका. बी उगवल्यावर आधी छत्रीच्या काड्यांसारखी गोलाकार बीजपर्णं येतात, मग एकेकटी, निळसर, आखूड सुटी पानं येतात. जुड्या पहिल्या वर्षाच्या शेवटी किंवा दुसऱ्या वर्षी दिसू लागतात. म्हणजे कोवळ्या रोपावर जुडी नाही म्हणून ते पाइन नाही असं होत नाही. अशा वेळी विकणाऱ्याला बी कुठून आणलं ते विचारा. त्याला नीट सांगता आलं नाही तर जुडी दिसेपर्यंत थांबा.

२. बी कुठून आणायचं

सिमला-कसौली किंवा नैनितालच्या सहलीत रस्त्याकडेला पाइनची इवली रोपं दिसतात. ती उपटून पिशवीत घालून आणू नका. वनक्षेत्रातली रोपं, फळं, बिया या सगळ्या भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार वनोपजात मोडतात. आणि अशी रोपं सहसा जगतही नाहीत. सोटमूळ तुटलेलं असतं, मुळांवरची माती झडलेली असते आणि थंड हवेतून ती थेट आपल्या उन्हात येतात.

चीरचं बी हिमाचल-उत्तराखंडच्या बीविक्रेत्यांकडून मागवता येतं. परदेशी संकेतस्थळावरून काळ्या पाइनचं बी थेट मागवायचं असेल तर वनस्पती संगरोध आदेश, २००३ नुसार आयात परवाना आणि निर्यात करणाऱ्या देशाचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं. भारतातच आलेलं बी विकत घेणं सोपं.

गरजेच्या तिप्पट बी घ्या. हा अंदाज मी माझ्याच नुकसानीवरून बांधला आहे. उगवण, कोलमडणं, मुळांची छाट आणि पहिला उन्हाळा या चार चाळण्यांतून रोपं जावी लागतात.

३. पेरणीपूर्व तयारी

पेरायची वेळ दिवाळीनंतरची, म्हणजे ऑक्टोबरचा शेवट ते नोव्हेंबर. पावसाळी दमटपणा गेलेला असतो आणि उन्हाळ्याआधी रोपाला चार-पाच महिने मिळतात. जूनमध्ये पेरू नका. 'पावसात सगळं रुजतं' हे इथं लागू नाही. त्या हवेत रुजतं त्याहून जास्त कुजतं.

चीरच्या बीला थंडीची गरज नाही. पंख काढा आणि बी २४ तास साध्या पाण्यात भिजवा. बुडालेलं बी पेरा. तरंगणारं बहुतेक पोकळ असतं. ते वेगळ्या कोपऱ्यात पेरून बघायला हरकत नाही, पण त्यावर भिस्त ठेवू नका.

काळ्या पाइनचं बी भिजवल्यावर ओलसर, पिळून घेतलेल्या कोकोपीटमध्ये मिसळून झिपच्या पिशवीत घाला आणि फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ३० ते ४५ दिवस ठेवा. फ्रीजरमध्ये नाही. पिशवीवर तारीख लिहा आणि आठवड्यातून एकदा उघडून बुरशी आली आहे का ते बघा. नोव्हेंबरच्या मध्यावर पेरायचं तर ऑक्टोबरच्या सुरुवातीलाच बी फ्रिजमध्ये जायला हवं. क्रम इथंच चुकतो. बी हातात आल्यावर लोकांना थंडीची आठवण होते आणि पेरणी जानेवारीवर जाते.

माध्यम: जाड धुतलेली वाळू दोन भाग, परलाईट किंवा प्युमिस (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) एक भाग, कोकोपीट अर्धा भाग. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) वापरत असाल तर पाणी नितळ येईपर्यंत धुवा, कारण तिच्यातली भुकटी मुळांभोवती सिमेंटसारखी बसते. कोकोपीटही दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यात क्षार असतात. शेणखत, गांडूळखत, बागेतली माती यातलं काहीही पेरणीच्या ट्रेमध्ये घालू नका.

तपासणी: भरलेल्या ट्रेवर मगभर पाणी ओता. काही सेकंदांत पाणी खालून निघालं पाहिजे. वर डबकं साचलं तर पेरू नका, माध्यम पुन्हा चाळा.

४. पेरणी आणि कोलमडणं

ट्रे साबणाने धुवा, माध्यमावर उकळतं पाणी ओता आणि थंड होऊ द्या. बी आडवं ठेवून तीन-तीन सेंटिमीटर अंतरावर लावा, वरून सेंटिमीटरभर वाळू. ट्रेवर बारीक तारेची जाळी घाला. खार, उंदीर आणि साळुंक्यांना हे बी फार आवडतं. उगवायला दोन ते चार आठवडे लागतात.

उगवताना रोप बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन वर येतं. ते ओढून काढू नका, बीजपर्णांचे शेंडे सोबत तुटतात. सकाळी हलकं पाणी फवारलं की ते आपोआप गळतं.

आता सगळ्यात मोठा धोका, रोपं कोलमडणं. मातीच्या रेषेवर खोड बारीक होतं, पाणचट तपकिरी दिसतं आणि रोप आडवं पडतं. वरून सुया हिरव्याच असल्यामुळे लोकांना पाणी कमी पडलं असं वाटतं आणि ते आणखी पाणी घालतात. माझा चाळीस रोपांचा एक ट्रे पाच दिवसांत असाच गेला होता. संध्याकाळी पाणी घालायचो, ट्रे भिंतीच्या कोपऱ्यात वारा न लागणाऱ्या जागी होता आणि वर काच झाकलेली होती. तिन्ही गोष्टी चुकीच्या.

म्हणून उगवण दिसताच झाकण काढा. पाणी फक्त सकाळी, आणि वरचा थर सुकल्यावरच. सकाळचं तीन-चार तास ऊन आणि वाहता वारा द्या. एक रोप पडलं तर ते भोवतीच्या माध्यमासकट चमच्याने काढून टाका आणि उरलेल्यांना कॉपर ऑक्सिक्लोराईड किंवा कॅप्टन, डब्यावरच्या प्रमाणात, हलकंच द्या. त्याऐवजी आधीपासून ट्रायकोडर्मा वापरायचं असेल तर तेही चालतं. मात्र दोन्ही एकाच वेळी नको, कारण ट्रायकोडर्मा स्वतःच बुरशी आहे आणि बुरशीनाशकाने तीही मरते.

५. मुळांची पहिली छाट

पुढे खोडाभोवती मुळं चारी दिशांना पसरलेली दिसायला हवी असतील तर त्याची वेळ हीच, उगवणीनंतर पाच ते आठ आठवडे. नंतर ही संधी मिळत नाही.

काळ्या पाइनसाठी जपानी पद्धत अशी. बीजपर्णांच्या मधोमध पहिली सुटी पानं डोकावू लागली आणि खोड अजून कोवळं आहे अशा वेळी, नव्या पात्याने खोड बीजपर्णांच्या खाली दीड-दोन सेंटिमीटर ठेवून आडवं कापा. मुळं पूर्ण टाकून द्यायची. कापलेलं टोक मुळं फुटण्याच्या संजीवकाच्या पावडरीत टेकवा आणि जास्तीची पावडर झटका. ओल्या माध्यमात टूथपिकने भोक करून त्यात रोप ठेवा. टोक थेट माध्यमात खुपसलं तर पावडर घासून निघते. पारदर्शक डब्याने झाका, उजेड द्या पण थेट ऊन नको. सहा ते आठ आठवडे लागतात.

हे काम जानेवारीत उरका. फेब्रुवारीच्या मध्यानंतर कापलेल्या रोपांना मुळं येण्याआधीच ऊन गाठतं.

चीरसाठी मी ही पद्धत वापरत नाही. तो सोटमूळ फार वेगाने खाली नेतो, त्यामुळे रोप हलवताना सोटमुळाचा खालचा भाग कापून तीन-चार सेंटिमीटर ठेवतो. एवढ्यानेही बाजूची मुळं जोर धरतात.

तपासणी: रोप उपटून मुळं आली का ते बघू नका. मधला कोंब वाढू लागला की मुळं आली असं समजा.

६. कुंडी आणि पाइनच्या मुळांवरची बुरशी

आता रोपं तीन-चार इंची कुंड्यांत एकेकटी लावायची. माध्यम जाडसर हवं: पक्क्या विटांचा दोन ते पाच मिलिमीटरचा चुरा, तेवढंच सिंडर (जळलेल्या दगडी कोळशाचे सच्छिद्र खडे) किंवा प्युमिस, आणि थोडं कोकोपीट. विटेचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून सकाळी बोटांनी दाबून बघा. चिखल झाला तर ती वीट कच्ची आहे.

पाइनच्या मुळांवर एक मित्रबुरशी वाढते. ती मुळांना पाणी आणि स्फुरद मिळवून देते. जिथं पाइनची झाडं नाहीत तिथल्या मातीत ती आपोआप मिळेलच असं नाही, आणि निर्जंतुक विटांच्या चुऱ्यात तर नसतेच. ओळखीच्या कुणाकडे निरोगी, मोठा पाइन असेल तर त्याच्या बुंध्याजवळची मूठभर माती आणि कुजलेल्या सुया मागून आणा आणि प्रत्येक कुंडीत मुळांना लागून चमचाभर घाला. हे पेरणीच्या वेळी नाही, आत्ता करायचं. कोवळं रोप कोलमडण्याच्या वयातून बाहेर आल्याशिवाय बाहेरची माती जवळ आणू नये.

पुढे कुंडी बदलताना मुळांवर पांढरे जाळीदार धागे आणि मुळांची इंग्रजी वाय अक्षरासारखी दुभंगलेली आखूड टोकं दिसतील. ती कीड समजून धुऊन टाकणारे बरेच भेटतात. धुऊ नका. हीच ती मित्रबुरशी.

७. पहिला उन्हाळा आणि पहिला पावसाळा

पाइनला भरपूर ऊन हवं, पण काळ्या प्लास्टिकच्या छोट्या कुंडीत एप्रिलचं ऊन मुळं शिजवतं. मार्चच्या मध्यापासून ५० टक्के शेडनेट लावा, दुपारी कुंडीच्या भिंतीवर ऊन पडू देऊ नका आणि कुंडीला ओलं गोणपाट गुंडाळा किंवा ती वाळूभरल्या मोठ्या कुंडीत बसवा. पाणी सकाळी. कडक दिवसांत दुपारनंतर दुसऱ्यांदा बघा. बांबूची काडी कुंडीत तळापर्यंत खोचून ठेवा. बाहेर काढल्यावर खालचं टोक ओलसर असेल तर पाणी नको.

पावसाळ्यात शेडनेट काढा आणि वर पारदर्शक पत्रा द्या. रोपं दाटीवाटीने ठेवू नका आणि कुंड्या जमिनीवर नकोत, विटांवर हव्यात. कोकणात आणि गोव्यात हे छप्पर ऐच्छिक नाही. तिथं सलग आठवडाभर भिजलेल्या सुयांवर तपकिरी पट्टे येतात आणि खालच्या सुया गळतात, म्हणजे नेमक्या ज्या आपल्याला वाचवायच्या त्याच.

बोअरचं जड पाणी असेल तर नव्या सुया पिवळट येतात. आधी खत वाढवू नका. शक्य तितकं पावसाचं साठवलेलं पाणी द्या आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज घेता येईल अशा रूपातलं लोह) कमी प्रमाणात द्या.

खत साधं ठेवा. दोन महिन्यांच्या रोपाला पंधरवड्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विद्राव्य खत), एक लिटर पाण्यात अर्धा ग्रॅम. वर्षानंतर महिन्यातून एकदा चिमूटभर निंबोळी पेंड.

८. दुसरं वर्ष: वळण

खोड पेन्सिलीच्या शिशाएवढं जाड झालं की तार लावा. थांबून खोड बोटाएवढं झाल्यावर वळवायला गेलं तर खालचा भाग सरळच राहतो, आणि सरळ बुंध्यावर पुढे कितीही वळणं दिली तरी झाड खोटं दिसतं. एक ते दीड मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार घ्या. तिचं टोक माध्यमात खोलवर खोचा आणि पहिलं वळण मातीपासून दोन-तीन सेंटिमीटरच्या आत द्या. पुढची वळणं वेगवेगळ्या दिशांना आणि वरवर आखूड होत जाणारी हवीत. एकाच पातळीतलं नागमोडी वळण टाळा. तारेखाली सुया दाबू नका, प्रत्येक फेरा सुयांच्या मधून काढा.

सावधान: आपल्याकडे वाढीच्या दिवसांत तार महिन्या-दोन महिन्यांत रुतू शकते. दर पंधरा दिवसांनी बघा. काढताना उलटी फिरवून सोडवू नका, कटरने तुकडे करून काढा.

जानेवारीच्या शेवटी, नवे कोंब लांबायच्या आधी, रोप कुंडीतून काढा. खाली जाणारी मुळं कापा, गुंडाळलेली मुळं सोडवून बाजूला पसरवा. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त मुळं काढायची नाहीत. जुनी माती थोडी तशीच ठेवा. आता रोवळी किंवा भाजीची प्लास्टिकची चाळण वापरा. तिच्या भोकांतून मुळाचं टोक बाहेर हवेत आलं की सुकतं आणि आत नवी मुळं फुटतात, त्यामुळे मुळं गोल फिरत बसत नाहीत. महागडी कुंडी या वयात अडचणच आहे.

९. तिसरं वर्ष: काय कापायचं नाही

खोड जाड व्हायला वर एक फांदी किंवा शेंडा मोकळा वाढू द्यावा लागतो. तो तीन फूट उंच गेला तरी जाऊ द्या, शेवटी तो कापूनच टाकायचा आहे. लक्ष बुंध्याजवळच्या दहा सेंटिमीटरवर ठेवा. तिथल्या बारीक फांद्यांवर वरच्या फांदीची सावली पडत असेल तर वरच्या फांदीच्या सुया विरळ करा, म्हणजे खाली ऊन पोचेल. खालची फांदी एकदा वाळली की वर सोडलेल्या शेंड्याला काही अर्थ उरत नाही.

जपानी बोन्सायच्या चित्रफितींत उन्हाळ्याच्या सुरुवातीला मेणबत्तीसारखे नवे कोंब बुडापासून कापताना दाखवतात. ते घडवून झालेल्या काळ्या किंवा लाल पाइनसाठी असतं, सुया आखूड आणि फांद्या दाट व्हाव्यात म्हणून. तीन वर्षांच्या रोपाचे कोंब असे कापले तर वाढच थांबते. पाच सुयांच्या पाइनवर तर ते करूच नये.

चीरचं कोवळं झाड कापल्यावर खोडातून पुन्हा फुटतं, ही त्याची मोठी सोय आहे. फुटवे सुरुवातीला रोपासारखी निळसर सुटी पानं घेऊन येतात, घाबरू नका. तरीही मी खालची एक हिरवी फांदी ठेवल्याशिवाय चीरही कापत नाही. आणि त्याच्या लांब सुया कितीही काम केलं तरी काळ्या पाइनइतक्या आखूड होत नाहीत, म्हणून वीतभर उंचीचं झाड डोक्यात धरू नका. दोन-अडीच फुटांचं, जाड बुंध्याचं झाड ठरवा आणि त्या मापाने पहिली फांदी कुठं हवी ते आजच खोडावर दोरा बांधून खूण करा.

वरचा शेंडा कापायची वेळ आली का, हे बघण्यासाठी मातीपासून दोन सेंटिमीटरवर खोड मोजा. ठरवलेल्या उंचीच्या सहाव्या हिश्श्याएवढी जाडी आली आणि त्या खुणेखाली निदान दोन फांद्या हिरव्या असतील तर जानेवारीच्या शेवटी कापा. दोन्हींपैकी एक गोष्ट कमी असेल तर त्या वर्षी कात्री लावू नका.